बायबलमधले पुढारीपण आणि आपले रोजचे ख्रिस्ती जीवन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या मराठी मंडळ्यांमध्ये (म्हणजे चर्चमध्ये) बायबल अभ्यासाच्या निमित्ताने जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उपासनेनंतर चर्चच्या व्हरांड्यात विचारले गेले, काही रात्री उशिरा व्हॉट्सअ‍ॅपवर आले. कोणी ‘पाळक’ आणि ‘पास्टरेट कमिटी’ म्हणतात, वसईकडचे कॅथलिक वाचक ‘फादर’ आणि ‘पॅरिश कौन्सिल’ म्हणतात. उत्तरे दोघांसाठीही आहेत.

१. मी पाळक नाही, कमिटीतही नाही. मग बायबलमधले पुढारीपणाचे धडे माझ्या काय कामाचे?

पुष्कळ कामाचे. ज्यांच्याकडून आपण पुढारीपण शिकतो त्यांतले बरेच जण याजक नव्हतेच. नहेम्या पारसाच्या राजाचा प्यालेबरदार होता, दानीएल सरकारी अधिकारी होता, लुदिया जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करत होती.

नहेम्याच्या ३ऱ्या अध्यायात यरुशलेमेचा कोट कोणी कोणी बांधला त्याची लांबलचक यादी आहे. वाचताना आपण ती टाळून पुढे जातो. टाळू नका. त्यात सोनार आहेत, सुगंधी द्रव्ये बनवणारे आहेत, शल्लूम नावाचा एक अधिकारी आपल्या मुलींना घेऊन कामाला लागलेला आहे. काही जणांबद्दल तर एवढेच लिहिले आहे की त्यांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला. तकोवाच्या लोकांनी काम केले, पण त्यांच्या सरदारांनी खांदा दिला नाही, याचीही नोंद आहे.

तुमच्या घरासमोरचा भाग कोणता? घरातली मुले, शिफ्टमधले चौघे, संडे स्कूलचा वर्ग, गावाहून नोकरीसाठी येऊन तुमच्याकडे राहिलेला पुतण्या. देवाने जी माणसे हवाली केली त्यांची काळजी घेणे आणि त्या काळजीचा हिशेब देणे, याला मी पुढारीपण म्हणतो. खालची सगळी उत्तरे हेच धरून लिहिली आहेत.

२. सुरुवात कुठून करावी? आधी कोणाचे चरित्र वाचू?

नहेम्या. तेरा अध्याय आहेत, रोज एक वाचला तर दोन आठवड्यांत संपतो आणि लोकलमध्ये उभ्यानेही वाचता येतो. त्यानंतर निर्गम १८, १ शमुवेल २४ ते ३०, मार्क १०, प्रेषितांची कृत्ये ६ आणि १५.

वाचताना एवढेच विचारत जा: या माणसाच्या हवाली कोण होते? तो कोणाचे ऐकत होता? आणि तो चुकला तेव्हा किंमत कोणी मोजली? तिसरा प्रश्न विसरू नका. दावीदाच्या पापाची किंमत उरीयाने, ज्याच्या बायकोशी त्याने ते पाप केले त्याने, जिवाने मोजली.

३. येशूने शिष्यांचे पाय धुतले. म्हणजे पुढाऱ्याने कधी कोणाला ‘नाही’ म्हणायचेच नाही का?

असे नाही. योहान १३ मध्ये पेत्र म्हणतो, माझे पाय तू धुवायचे नाहीस, आणि येशू त्याचे ऐकत नाही. सेवा करणारा ठाम असू शकतो. नहेम्या ५ मध्ये श्रीमंत यहूदी आपल्याच भाऊबंदांकडून व्याज घेत होते, त्यांची शेते आणि मुले गहाण पडली होती. नहेम्याला संताप आला. पण त्याने आधी मनाशी विचार केला, मग सभा बोलावून सगळ्यांसमोर सरदारांना खडसावले आणि शेते परत करण्याची शपथ घ्यायला लावली.

मार्क १० मध्ये येशू म्हणतो की परराष्ट्रीयांचे अधिपती लोकांवर धनीपण करतात, तुमच्यात तसे नसावे. तिथे मुद्दा आवाज मऊ आहे की कडक याचा नाही. तुमच्या अधिकाराचा फायदा कोणाला होतो, तुम्हाला की हाताखालच्यांना, हा आहे. सगळ्यांना खूश ठेवणारा सेक्रेटरी नम्र दिसतो, पण दुबळ्याच्या बाजूने बोलायची वेळ आली की तोच गप्प बसतो.

४. नवरा कुटुंबाचा मस्तक आहे ना? मग घरात त्याचाच शब्द शेवटचा असायला नको का?

इफिसकरांस पत्राचा ५वा अध्याय २२व्या वचनापासून वाचला जातो, तो २१व्यापासून वाचा. तिथे आधी एकमेकांच्या अधीन होण्याची आज्ञा आहे. नवऱ्याला हुकूम सोडायला सांगितलेले नाही. ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिले तसे बायकोसाठी स्वतःला द्यायला सांगितले आहे. १ शमुवेल २५ मध्ये नाबालाच्या हट्टामुळे दावीद त्याच्या घरातले सगळे पुरुष मारायला निघाला होता. नाबालाची बायको अबीगईल हिने त्याला न विचारता गाढवांवर अन्न लादले, दावीदाला वाटेत गाठले आणि घर वाचवले. पवित्र शास्त्र तिला शहाणी म्हणते.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण हा प्रश्न विचारणाऱ्यांत मार खाणाऱ्या बहिणीही असतात. मारहाण, उपाशी ठेवणे, पगार काढून घेणे हे मस्तकपण नव्हे. त्याविरुद्ध २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे आणि त्याचा आधार घेणे पाप नाही. “सहन कर, प्रार्थना कर” एवढेच सांगून अशा बहिणीला परत पाठवणाऱ्याने आपल्या हवाली केलेल्या माणसाला वाऱ्यावर सोडले.

५. पहाटेची विरार लोकल पकडतो, घरी येतो तेव्हा मुले झोपलेली असतात. कुटुंब प्रार्थना चालवायची कशी?

अनुवाद ६ मध्ये वचने मुलांना शिकवण्याच्या वेळा दिल्या आहेत: घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. तासाभराची बैठक तिथे सांगितलेली नाही. रविवारी चर्चला चालत जाताना बोला. आठवड्यातून दोन रात्री दहा मिनिटे बसा. मुलांना वाचू द्या, अडखळले तरी मध्ये बोलू नका, आणि प्रार्थनेत त्यांच्या गणिताच्या पेपराचे, मित्राशी झालेल्या भांडणाचे नाव घ्या. आई ते रोज करत असेल तर तिचे पुढारीपण मान्य करा आणि तिच्या हाताखाली बसा.

उलट बाजूचा इशारा एली या याजकाचा आहे. तो रात्रंदिवस देवाच्या मंदिरात होता, आणि त्याचे मुलगे लोकांच्या अर्पणावर हात मारत होते. त्याने त्यांना बोल लावला, पण आवरले नाही (१ शमुवेल ३). मंडळीच्या प्रत्येक मीटिंगला हजर असणाऱ्या आईबापांनी हा अध्याय जरूर वाचावा.

६. मी ऑफिसात टीम लीडर आहे. तिथे ‘ख्रिस्ती पुढारीपण’ म्हणजे नेमके काय करायचे?

टेबलावर वचनाचे कॅलेंडर ठेवणे चांगलेच, पण तुमच्या हाताखालचे लोक तुम्हाला अप्रेझलच्या दिवशी ओळखतात. इथे मला १ शमुवेल ३० सगळ्यात उपयोगी वाटतो आणि तो फारसा शिकवला जात नाही, म्हणून जरा सविस्तर.

अमालेकी शत्रूंनी दावीदाच्या लोकांचे गाव सिकलाग जाळले, बायकामुले पळवून नेली. दावीद सहाशे माणसे घेऊन पाठलागाला निघाला. बसोर ओढ्यापाशी दोनशे जण इतके थकले की त्यांना ओढा ओलांडवेना. ते सामानापाशी थांबले. चारशे जण पुढे गेले, जिंकले, सगळे सोडवून आणले. परतल्यावर त्या चारशेंपैकी काही म्हणाले, हे आले नाहीत, यांना लुटीतले काही देऊ नका, फक्त बायकामुले घेऊन जाऊ द्या. दावीद म्हणाला, जे मिळाले ते परमेश्वराने दिले. लढाईला गेलेल्याचा आणि सामानापाशी राहिलेल्याचा वाटा सारखाच. इस्राएलात तो पुढे नियमच झाला.

आता आपली टीम पाहा. क्लायंटपुढे प्रेझेंटेशन देणारा दिसतो. रात्रपाळीत डेटा तपासणारी, बाळंतपणाच्या रजेवरून नुकतीच परतलेली, रात्री दीड वाजता सर्व्हर बंद पडला तेव्हा फोन उचलणारा, हे सामानापाशी असतात. वरच्या साहेबाला मेल लिहिताना त्यांची नावे घाला. बोनसच्या यादीत त्यांच्यासाठी भांडा. आणि थकून थांबलेल्याला दावीदाने काय म्हटले नाही, तेही बघा: तुम्ही का आला नाहीत, असा एकही शब्द त्या अध्यायात नाही. तो आधी त्यांच्याजवळ गेला आणि त्यांचे क्षेमकुशल विचारले.

टार्गेटच्या दबावाबद्दल १ राजे १२ वाचा. रहबाम राजाने अनुभवी वडीलधाऱ्यांचा सल्ला टाकला, लोकांवरचे जू आणखी जड करीन म्हणाला, आणि दहा वंश गमावले.

७. साहेब खोटी बिले लावायला सांगतात. नाही म्हटले तर नोकरी जाईल. काय करू?

बायबलमध्ये याला एकच नमुना नाही. दानीएलाने (अध्याय १) थेट बंड केले नाही. दहा दिवस शाकभाजी आणि पाणी देऊन बघा, असा दुसरा मार्ग त्याने अधिकाऱ्यापुढे ठेवला. ओबद्या अहाबासारख्या दुष्ट राजाचा कारभारी होता, आणि त्याच पदावर राहून त्याने शंभर संदेष्टे गुहांत लपवून जगवले (१ राजे १८). म्हणजे वाईट मालकाकडे नोकरी करणे हेच पाप, असे नाही. पण मिसरातल्या शिप्रा आणि पुवा या सुइणींना राजाने मुलगे मारायला सांगितले तेव्हा त्यांनी ते केले नाही. एक रेषा असते. तुमच्या सहीने खोटे खरे ठरत असेल, तर ती तुमच्यापुढे आली आहे.

व्यवहारात: तोंडी हुकूम लेखी मागा, पुष्कळदा तिथेच विषय संपतो. खर्चाला बसेल असा खरा पर्याय घेऊन जा. घरच्यांना आधी सांगा, कारण परिणाम त्यांनाही भोगायचे आहेत. दुसरीकडे अर्ज करायला लागा. आणि मंडळीतल्या वडीलजनांना माझी विनंती: आपला सभासद खरेपणासाठी नोकरी गमावतो तेव्हा त्याच्या मुलांची फी आणि घरभाडे हा मंडळीचाही प्रश्न आहे. नुसते व्यासपीठावरून “खंबीर राहा” म्हणणे पुरेसे नाही.

८. मंडळीत सगळी कामे दोन-तीन माणसांवर पडतात. बाकीचे पुढे येत नाहीत. उपाय काय?

निर्गम १८. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करत होता. सासरा इथ्रो म्हणाला, हे बरे नाही, तूही झिजशील आणि लोकही झिजतील. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसे नेमली. इथे विसरले जाते ते असे की इथ्रोने कामच नव्हे, निर्णयही वाटायला सांगितले. आपल्याकडे खुर्च्या लावायचे काम वाटले जाते, आणि कुठल्या खुर्च्या घ्यायच्या हे मात्र सेक्रेटरीच ठरवतात. मग लोक येत नाहीत.

प्रेषितांची कृत्ये ६ त्याच्याही पुढे जातो. ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांची तक्रार होती की रोजच्या अन्नवाटपात आमच्या विधवा वगळल्या जातात. सात जण निवडले गेले, आणि सातांचीही नावे ग्रीक आहेत. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप गेले. उपनगरातल्या मंडळ्यांत मराठी कुटुंबांशेजारी हिंदी, तेलुगू, तमिळ बोलणारी कुटुंबेही बसतात. नव्याने आलेल्यांची तक्रार असेल तर ख्रिसमसच्या कमिटीत त्यांना घ्या आणि पैशाचे अधिकारही द्या.

९. अर्पणाचा हिशेब मागितला की “विश्वास नाही का?” असे ऐकावे लागते. हिशेब मागणे चूक आहे का?

अजिबात नाही. पौलाने यरुशलेमेसाठी मोठी वर्गणी गोळा केली, तेव्हा तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेले भाऊ पाठवले आणि कारणही लिहिले: आम्हाला कोणी दोष लावू नये; प्रभूच्याच नव्हे, माणसांच्या दृष्टीनेही जे चांगले ते आम्ही करतो (२ करिंथकरांस ८). शमुवेलाने म्हातारपणी लोकांसमोर उभे राहून विचारले, मी कोणाचा बैल घेतला, कोणाकडून लाच घेतली ते सांगा.

काही जण २ राजे १२ दाखवतात: मंदिराच्या दुरुस्तीचे पैसे ज्यांच्या हाती दिले त्यांच्याकडून हिशेब घेतला नाही, कारण ते सचोटीने वागत. वचन बरोबर आहे, पण वरची वचनेही वाचा. योवाश राजाच्या २३व्या वर्षापर्यंत याजकांनी दुरुस्ती केलीच नव्हती. म्हणून झाकणाला भोक पाडलेली पेटी ठेवली गेली, आणि पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघे मिळून पैसे मोजून थैल्यांत बांधत. विश्वास होता तो मोजणी झाल्यावरचा.

चांगली पद्धत साधी आहे. उपासना संपली की थैली वेस्ट्रीच्या (चर्चमधल्या पाळकांच्या खोलीच्या) टेबलावर रिकामी करायची. एकाच घरातले नसलेले दोघे जण मोजतात. पाचशेच्या, दोनशेच्या, शंभरच्या नोटा वेगळ्या, नाणी शेवटी. नावाची पाकिटे फोडून आकडा पाकिटावरच लिहायचा. चिठ्ठीवर दोघांच्या सह्या, मग वहीत नोंद, आणि सोमवारी बँकेत भरणा. खजिनदार मोजणाऱ्यांत नसलेला बरा. मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर १९५० च्या कायद्याखाली हिशेब ठेवणे आणि तपासून घेणे बंधनकारक आहे, आणि त्यावर धर्मादाय आयुक्तांची देखरेख असते.

१०. पाळक किंवा फादर चुकत असतील तर बोलावे का? “परमेश्वराच्या अभिषिक्ताला हात लावू नका” असे सांगितले जाते.

ते वाक्य दावीद त्याच्या जिवावर उठलेल्या शौल राजाबद्दल बोलला तेव्हा (१ शमुवेल २४) त्याच्या हातात तलवार होती आणि शौल गुहेत एकटा सापडला होता. दावीदाने त्याला मारले नाही. पण गप्पही बसला नाही: बाहेर येऊन, झग्याचा कापलेला काठ हातात धरून, त्याने शौलाला त्याचा अन्याय सांगितला. आणि नंतर त्याच्या हाती लागू नये म्हणून दूरही राहिला. तेव्हा या वचनाने सूड घेणे बंद होते, बोलणे बंद होत नाही. नाथान संदेष्टा दावीदाशी त्याच्या पापाबद्दल बोलला. अंत्युखियात पौलाने पेत्राला तोंडावर विरोध केला.

पद्धत: आधी एकट्याने भेटा, मग एक-दोघांना घेऊन जा, मग मंडळीपुढे मांडा (मत्तय १८). वडिलाविरुद्धचा आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नये, पण पाप सिद्ध झाले तर सगळ्यांदेखत दोष द्यावा (१ तीमथ्य ५). व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाव न घेता टोमणे मारणे यांतल्या कुठल्याच पायरीत बसत नाही.

११. हे मत्तय १८ लहान मुलांवरच्या अत्याचारालाही लागू होते का?

नाही. तिथे “आधी एकट्याने जाऊन बोला” चालत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अशी गोष्ट कळलेल्या माणसाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे; चाइल्डलाइनचा नंबर १०९८. मूल आधी, मंडळीचे नाव नंतर. लहानांपैकी एकाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवणे बरे, हे येशूचेच शब्द आहेत.

१२. स्त्रियांनी पुढारीपण करावे का? १ तीमथ्य २ मध्ये मनाई आहे असे म्हणतात.

दीक्षेबाबत, म्हणजे पाळक किंवा फादर म्हणून नेमण्याबाबत, मंडळ्यांत मतभेद आहेत. उत्तर भारताच्या मंडळीत (सीएनआय) स्त्रियांना दीक्षा मिळते, कॅथलिक चर्चमध्ये मिळत नाही, आणि स्वतंत्र मंडळ्यांत दोन्ही प्रकार आहेत. तो वाद इथे सुटणार नाही. पण दीक्षा सोडून उरलेल्या अफाट कामाबद्दल शास्त्र अगदी मोकळे आहे. दबोरा इस्राएलाचा न्याय करत होती. मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला तेव्हा राजाने मुख्य याजकाला हुल्दा संदेष्ट्रीकडे पाठवले. प्रिस्किल्ला आणि अक्विला या जोडप्याने अपुल्लोसारख्या विद्वानाला अधिक नीट शिकवले. फीबी किंख्रियातल्या मंडळीची सेविका होती आणि पौल तिला आपली साहाय्यकर्ती म्हणतो.

आणि आपल्याला दूर जायला नको. पंडिता रमाबाईंनी शारदा सदन १८८९ मध्ये याच मुंबईत सुरू केले. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभे केले, दुष्काळातल्या मुली-बायकांना आसरा दिला, आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणले; ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये बाहेर पडले. ज्या भाषेत आपण हे वाचतो आहोत त्या भाषेत हे काम एका बाईने केले, आणि आपण अजून महिला मंडळाला फक्त चहापाण्याचे विचारतो, याचे मला वाईट वाटते.

१३. तरुण संघातल्या मुलांना किती जबाबदारी द्यावी? चुकतात, मध्येच सोडून जातात.

पौल आणि बर्णबा यांच्या पहिल्या प्रचारफेरीत मार्कही सोडून गेला होता. दुसऱ्या फेरीत त्याला न्यायचे की नाही यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात इतके वाजले की दोघे वेगळे झाले (कृत्ये १५). बर्णबाने त्याला पुन्हा संधी दिली. वर्षांनंतर कैदेतून पौलच लिहितो, मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. नवशिक्याला अध्यक्ष करू नका (१ तीमथ्य ३), पण त्याच्या तरुणपणाला तुच्छही मानू नका (१ तीमथ्य ४). आधी कोणाच्या तरी जोडीने काम द्या.

१४. मग दोन चांगल्या माणसांचे पटत नसेल तर एकाने मंडळी सोडावी का?

पौल आणि बर्णबा यांनी एकमेकांना बदनाम केल्याची नोंद नाही. वेगळे झाले आणि दोघेही कामाला लागले. मतभेद कामाच्या पद्धतीवर असेल तर वेगळा गट, वेगळी जबाबदारी चालते. पैशावर किंवा पापावर असेल तर सोडून जाणे ही पळवाट होते. तिथे प्रश्न ९ आणि १० पाहा.

१५. सोसायटीच्या कमिटीत मला उभे राहायला सांगतात. रीडेव्हलपमेंट येऊ घातली आहे. ख्रिस्ती माणसाने या घाणीत पडावे का?

पडावे. शास्ते ९ मध्ये योथाम झाडांची गोष्ट सांगतो: जैतून, अंजीर, द्राक्षवेल तिघांनीही राजा व्हायला नकार दिला, आणि शेवटी काटेरी झुडूप राजा झाले. चांगली माणसे आपापल्या गोडव्यात राहिली की काय होते ते तिथे आहे. यिर्मया २९ मध्ये बंदिवासातल्या लोकांनाही, ज्या नगरात आहात त्याचे हित साधा, असे सांगितले आहे.

पण नहेम्या ५ चा शेवट पाठ करून जा. तो बारा वर्षे अधिपती होता आणि अधिपतीचा भत्ता त्याने घेतला नाही, जमीनही विकत घेतली नाही. बिल्डरकडून दिवाळीची मिठाई, आपल्या फ्लॅटला थोडा जास्त एरिया, मुलाला साइटवर नोकरी, हे सगळे मैत्रीच्या नावाने येते. पहिल्याच मीटिंगमध्ये इतिवृत्तात लिहून घ्या की कमिटीतला कोणीही असे काही घेणार नाही. तळमजल्यावरची एकटी म्हातारी, जिला करारनामा वाचता येत नाही, तिच्या घरी जाऊन तो मराठीतून समजावून सांगा.

१६. मी थकलो आहे. सेवा सोडून द्यावी का?

आधी झोपा. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खायला घातले. निर्णय त्यानंतरचा. मग देवाने त्याला सांगितले की बाआल या दैवतापुढे गुडघे न टेकलेले सात हजार अजून आहेत, आणि अलीशाला जोडीला घे. तुमचे सात हजार कोण, ते शोधताना प्रश्न ८ उपयोगी पडेल. महिनाभर रजा घेऊन, भरपूर झोपूनही कामाचे नाव काढताच जीव घाबरत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. त्यात अविश्वास नाही.

१७. माझ्या हातून मोठे पाप झाले. पश्चात्ताप केला आहे. मला पद परत मिळेल का?

क्षमा आणि पद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दावीदाने पाप कबूल केले त्याच क्षणी नाथान म्हणाला, परमेश्वराने तुझे पाप दूर केले आहे. पण तलवार त्याच्या घरातून गेली नाही. मोशेने रागाच्या भरात खडकावर काठी मारली. तो देवाचा सेवकच राहिला, तरी वचनदत्त देशात त्याला जाता आले नाही. पेत्राने तीनदा नाकारले, आणि येशूने तीनदा विचारून त्याला मेंढरे सोपवली. तिन्ही खरे आहेत, म्हणून “दावीदाला मिळाले, मग मला का नाही” असा हक्क कोणी सांगू नये.

ज्यांचे नुकसान झाले त्यांची भरपाई आधी करा. पैसे असतील तर पैसे परत करा. कोणाची बदनामी केली असेल तर जिथे केली तिथेच ती मागे घ्या. पदावर परत येण्याचा निर्णय तुम्ही स्वतः घेऊ नका, तुमच्या मित्रांनीही घेऊ नये. तो मंडळीवर सोडा, आणि तिथे ज्यांना दुखावले त्यांचे आधी ऐकले जाऊ द्या. मुलांवर किंवा हाताखालच्या बाईवर अत्याचार झाला असेल तर ती जागा पुन्हा मागूच नका.